‘घरात कुणाला असं काही?’

मनोविकारतज्ज्ञ नव्या रुग्णाचा केस पेपर लिहायला घेतात तेव्हा त्यावर घराण्याचा एक छोटा आराखडा काढतात. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल, नवरा-बायकोला जोडणारी आडवी रेघ आणि तिच्याखाली मुलंबाळं. जे हयात नाहीत त्यांच्या खुणेवर तिरकी रेघ मारायची आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप चाललाय त्याच्याकडे बाण दाखवायचा. तीन पिढ्या काढून झाल्या की प्रत्येक तिरक्या रेघेपाशी थांबून विचारायचं, ‘हे कशानं गेले?’ सोळा-सतरा वर्षांच्या मुलीनं जेवण जवळजवळ टाकलंय, अंगावरचे कपडे लोंबायला लागलेत, पाळी बंद झालीय म्हणून आईवडील तिला घेऊन आलेले असतात. त्यांना हा प्रश्न भलतीकडचा वाटतो. पोरगी जेवत नाही आणि डॉक्टर तिच्या आत्याच्या मृत्यूची चौकशी करतात! बहुतेक वेळा ‘आमच्याकडे असं काही नाही’ एवढं उत्तर मिळतं आणि रकाना भरला जातो. तो प्रश्न भलतीकडचा नाही, असं या प्रकरणाचं म्हणणं आहे. खाण्याच्या विकारांत आत्महत्येचा धोका खरोखर मोठा असतो. त्यातला काही भाग घराण्यातून आलेला असतो, आणि घराण्याची माहिती नीट वापरली तर तिचा उपयोग नशिबाला बोल लावण्यासाठी नव्हे, जीव वाचवण्यासाठी होतो.

आधी विकारांची ओळख करून घेऊ. लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोन वैद्यांनी १८७३च्या सुमारास स्वतंत्रपणे अशा तरुण मुलींची वर्णनं प्रसिद्ध केली, ज्या शरीरात दुसरा कुठला आजार नसताना उपाशी राहून खंगत होत्या. गल यांनी दिलेलं ॲनोरेक्सिया नर्व्होझा हे नाव टिकलं. अधाशासारखं भरमसाट खायचं आणि मग ओकून किंवा जुलाबाची औषधं घेऊन ते बाहेर काढायचं, या प्रकाराला जेराल्ड रसेल यांनी १९७९मध्ये बुलिमिया नर्व्होझा म्हटलं. खाण्याचे झटके येतात पण बाहेर काढणं नाही, अशा विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात २०१३ साली वेगळं स्थान मिळालं. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळं ‘डाएटचं खूळ’ वाटतं. मृत्यूचे आकडे वेगळं सांगतात. २०११मध्ये ३६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार ॲनोरेक्सिया असलेल्यांचं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या जवळपास सहापट होतं, आणि या विकारात मरण पावलेल्या दर पाचांपैकी एकाचा मृत्यू आत्महत्येनं झाला होता. उपासमारीनं हृदय बंद पडणं, क्षारांचं संतुलन बिघडणं ही कारणं वैद्यांना जुनीच ठाऊक आहेत. मुलीचं वजन पुन्हा वाढायला लागलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण पाचातला तो एक मृत्यू वजनकाट्यावर दिसत नाही.

इथे पहिली शंका येते ती सरळ आहे. उपासमार झाली की माणूस खचतोच, मग घराण्याचा संबंध कशाला जोडायचा? या शंकेला भक्कम आधार आहे. १९४४-४५मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धात लढायला नकार दिलेली ही मुलं स्वेच्छेनं प्रयोगात उतरली होती. सहा महिन्यांत त्यांच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा गेला, आणि त्याबरोबर स्वभावही पालटला. ती चिडखोर झाली, उदास झाली, मित्रांपासून तुटली, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागली. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. म्हणजे रुग्णाच्या उदासीचा काही वाटा थेट भुकेचा असतो आणि पोटात नियमित अन्न जाऊ लागलं की तो ओसरतो. उपचारात जेवण पूर्ववत करण्याला पहिला मान मिळतो तो यामुळेच. पण भुकेवर सगळं भागत नाही. बुलिमियात वजन पुष्कळदा सर्वसाधारण असतं, तरीही त्या रुग्णांत आत्महत्येचे प्रयत्न ॲनोरेक्सियापेक्षा कमी आढळत नाहीत. धोका केवळ उपाशी शरीरातून निघत असता तर असं दिसलं नसतं.

भुकेपलीकडचं जे उरतं ते कुठून येतं, हे तपासायला लाखो माणसांची आणि त्यांच्या नातेवाइकांची विश्वसनीय नोंद लागते. अशी नोंद स्वीडनमध्ये आहे. तिथे १९४७पासून प्रत्येक रहिवाशाला एक व्यक्तिक्रमांक मिळतो आणि जन्म, दवाखाना, मृत्यू अशा सगळ्या सरकारी नोंदींत तोच क्रमांक वापरला जातो. शिवाय १९३२पासून जन्मलेल्यांना त्यांच्या आईवडिलांशी जोडणारी पिढ्यांची नोंदवही आहे. त्यामुळे एखाद्या मुलीला ॲनोरेक्सिया झाला तर तिचा सख्खा भाऊ, आईच्या किंवा वडिलांच्या दुसऱ्या लग्नातली भावंडं, चुलत-आते-मामे-मावस भावंडं यांचं पुढे काय झालं, हे नावं न कळताही शोधता येतं. संशोधकांनी १९७९ ते २००१ या काळात जन्मलेल्या सुमारे २२ लाख ६९ हजार जणांच्या नोंदी अशा जुळवल्या आणि निष्कर्ष २०१६मध्ये प्रसिद्ध केले. मुलींपैकी १५,४५७ जणींना, म्हणजे १.४ टक्क्यांना, आणि मुलांपैकी ९९१ जणांना खाण्याच्या विकाराचं निदान झालेलं होतं. त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता इतरांच्या सुमारे ५.३ पट आणि आत्महत्येनं मृत्यूची शक्यता सुमारे ५.४ पट निघाली.

आकडे मोठे आहेत, पण त्यांच्यामागे दुसरा आजार दडलेला असू शकतो. खाण्याचा विकार असलेल्यांत नैराश्य, चिंतेचे विकार, व्यसनं पुष्कळ आढळतात आणि ही सगळी स्वतःहून आत्महत्येचा धोका वाढवतात. मग खाण्याच्या विकाराला बोल कशाला? संशोधकांनी या सोबतच्या मनोविकारांचा हिशेब वेगळा काढला तेव्हा साडेपाचाच्या आसपासचे पट प्रयत्नांसाठी सुमारे १.८ आणि मृत्यूसाठी सुमारे २ वर आले. याचा अर्थ शंका घेणाऱ्याचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. धोक्याचा मोठा भाग सोबतच्या आजारांतून येतो. म्हणून खाण्याच्या विकारावर इलाज करताना नैराश्याकडे दुर्लक्ष करणं ही घोडचूक ठरेल. पण हिशेब शून्यावर आला नाही. नैराश्य वजा केल्यावरही जवळपास दुप्पट धोका उरतो. ‘डिप्रेशन नाही ना, मग आत्महत्येचं विचारायची गरज नाही’ हा तर्क त्यामुळे लंगडा पडतो.

आता घराण्याकडे वळू. त्याच स्वीडिश अभ्यासात, ज्यांना खाण्याचा विकार होता त्यांच्या सख्ख्या भावंडांत आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता इतरांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होती. यावर सहज म्हणता येईल की एका छताखाली वाढलेल्या मुलांचं दुःखही एकच असतं. तोच ताण, त्याच आईबापांची तीच भांडणं, आणि वर बहिणीच्या आजारानं घराची झालेली परवड. हा आक्षेप वजनदार आहे, कारण सख्खी भावंडं घर आणि रक्त दोन्ही वाटून घेतात. पण चुलत-मावस भावंडं सहसा घर वाटून घेत नाहीत, आणि त्यांच्यातही धोका सुमारे ११ टक्क्यांनी जास्त आढळला. एक पालक सामाईक असलेल्या भावंडांचे आकडे या दोघांच्या दरम्यान किंवा आसपास पडतात, मात्र त्यांची संख्या कमी असल्यानं तो फरक निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता उरते. त्यावर फार काही उभारू नये. महत्त्वाचा आहे तो उतार. नातं दूर जाईल तसा धोका घटत जातो, पण चुलत भावंडांपर्यंत पुसला जात नाही. रक्ताचा काही वाटा असेल तर असंच चित्र दिसायला हवं.

रक्त आणि घर यांची फारकत करणारा याहून चोख पुरावा आत्महत्येच्या अभ्यासांत आहे, आणि तो दत्तक गेलेल्या मुलांचा आहे. कोपनहेगनमधल्या नोंदींवरून डॅनिश आणि अमेरिकन संशोधकांनी १९७९मध्ये ५७ जणांची माहिती मांडली. हे सगळे बाळपणी दत्तक गेलेले आणि पुढे आत्महत्येनं गेलेले होते. त्यांच्या जन्मदात्या घराण्यांतल्या २६९ नातेवाइकांपैकी १२ जण आत्महत्येनं गेले होते. तुलनेसाठी घेतलेल्या, आत्महत्या न केलेल्या दत्तकांच्या तितक्याच रक्ताच्या नातेवाइकांपैकी फक्त दोन. आणि ज्यांनी या ५७ जणांना वाढवलं त्या दत्तक घराण्यांत एकही आत्महत्या नव्हती. संख्या लहान आहेत हे कबूल, पण ज्या नातेवाइकांबरोबर ही मुलं वाढलीच नाहीत त्यांच्याशी त्यांचं साम्य निघालं. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनी याच दिशेला कौल दिला.

मग घराण्यातून नेमकं काय येतं? आत्महत्या येत नाही, आणि नुसतं नैराश्यही येत नाही. अमेरिकेत पेनसिल्वेनियाच्या आमिश लोकांचा जुना अभ्यास इथे उद्बोधक आहे. बाहेर लग्नं न करणारा, दारूपासून दूर राहणारा, वंशावळी जपून ठेवणारा हा समाज. तिथे शंभर वर्षांत झालेल्या २६ आत्महत्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश अवघ्या चार घराण्यांत झाल्या होत्या. इतर काही घराण्यांत मनःस्थितीचे विकार तितकेच होते, पण आत्महत्या नव्हत्या. म्हणजे आजाराची ओढ आणि आत्मघाताची ओढ या दोन गोष्टी एकत्र येऊ शकतात, तशा वेगळ्याही राहू शकतात. आज संशोधकांची नजर मधल्या गुणांवर आहे. तडकाफडकी कृती करण्याचा आणि राग अनावर होण्याचा स्वभाव, दुःख गिळत बसण्याची सवय, स्वतःला कधीच माफ न करणारा परिपूर्णतेचा हट्ट, शरीराची वेदना सोसण्याची असाधारण क्षमता. यातला एकेक गुण अनेक जनुकांच्या बारीकसारीक परिणामांतून घडतो. ॲनोरेक्सियाचंच पाहा. २०१९मध्ये सुमारे १७ हजार रुग्ण आणि ५५ हजार निरोगी माणसं यांच्या जनुकांची तुलना झाली तेव्हा जनुकसंचातल्या आठ जागा हाती लागल्या. त्यांतली एकेक जागा धोका नाममात्रच बदलते. या विकाराची जनुकीय मुळं मनोविकारांशी जुळतात तशीच शरीराच्या चयापचयाशीही जुळतात, असं त्यातून दिसलं. अमुक एक जनुक आहे म्हणून ही मुलगी जेवणार नाही किंवा जीव देईल, असं सांगणारी रक्ततपासणी जगात नाही, आणि कुणी ती विकत असेल तर ती फसवणूक आहे.

यातूनच सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो. घराण्यात आहे म्हटलं की माणसं हात टेकतात. ‘आजीचं झालं, काकाचं झालं, आता हिचं’ असं एकदा घराच्या मनात बसलं की ते भाकीतच मुलीच्या मानेवर जोखड होऊन बसतं. हा धोका खरा आहे, आणि त्यावर उतारा आकड्यांतच सापडतो. डेन्मार्कमध्ये १९८१ ते १९९७ या काळात आत्महत्येनं मरण पावलेल्या ४,२६२ जणांचा अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. घराण्यात आत्महत्या झालेल्यांचा धोका इतरांच्या सुमारे अडीचपट होता, घराण्यातले मनोविकार हिशेबात धरूनही. पण सगळ्या आत्महत्यांपैकी किती घराण्याच्या या इतिहासाच्या खात्यावर टाकता येतील? जेमतेम सव्वादोन टक्के. दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. मनःस्थितीचे विकार असलेल्या पालकांच्या ७०१ मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या पालकांच्या मुलांत प्रयत्नाची शक्यता जवळपास पाचपट होती. तरीही पाठपुराव्याच्या सरासरी साडेपाच वर्षांत प्रयत्न करणारे ७०१पैकी २९ होते. बाकी साऱ्यांनी तो काळ तसं काही न करता पार केला. अडीचपट, पाचपट हे शब्द कानाला भयंकर वाटतात, कारण ते कशाच्या पटीत आहेत ते आपण विचारत नाही. मुळात दुर्मीळ असलेली गोष्ट पाचपट झाली तरी बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. मधुमेहाचा घराण्याचा इतिहास कळला तर आपण साखर तपासतो. मरणाची तयारी करत नाही. इथेही कळण्याचा उपयोग तपासण्यापुरताच आहे.

हे सगळं स्वीडन-डेन्मार्कचं, आपल्याकडे अशी नाटकं कुठे असतात, असंही म्हटलं जातं. पण दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी १९९५मध्येच पाच तरुणींची वर्णनं प्रसिद्ध केली होती. त्याआधी १९९३मध्ये हाँगकाँगच्या सिंग ली आणि सहकाऱ्यांनी ॲनोरेक्सियाच्या ७० चिनी रुग्णांपैकी ४१ जणांना जाडीची भीती मुळीच नसल्याचं दाखवलं. त्या पोट गच्च होतं, भूक लागत नाही अशा तक्रारी सांगत. आशियातली मुलगी ‘मला बारीक व्हायचंय’ असं म्हणेलच असं नाही. ‘ॲसिडिटी आहे’, ‘उपास आहे’, ‘जेवण जात नाही’ असं म्हणत ती आधी पोटाच्या डॉक्टरकडे, मग स्त्रीरोगतज्ज्ञाकडे फिरते. मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि पोचल्यावर घराण्याचा रकाना कोराच राहतो. तो कोरा राहण्याची कारणं आपल्या ओळखीची आहेत. स्थळ पाहताना ‘त्यांच्याकडे कुणी वेडंबिडं नाही ना’ ही चौकशी आजही होते. एका काकाच्या आत्महत्येनं चार पुतण्यांची लग्नं अडतील या भीतीनं ‘अपघात झाला’, ‘हार्ट अटॅक आला’ ही उत्तरं ठरून जातात. आत्महत्येचा प्रयत्न हा कितीतरी दशकं गुन्हा होता. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं आणि शिक्षेची तलवार बाजूला केली. कायदा बदलला तरी घरातली गुप्तता त्या वेगानं बदलत नाही. आणि ज्या घरात मोठ्यांचं मरण बोलायची चोरी असते, तिथे मुलीलाही आपल्या मनात काय येतं ते बोलायची चोरी होते.

उघड विचारण्याला विरोध करणारे एक भीती हमखास बोलून दाखवतात : विचारलं तर नको तो विचार डोक्यात भरेल. ही भीती तपासून पाहिली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवरचा प्रयोग २००५मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या प्रश्नावलीत आत्महत्येचे प्रश्न होते, निम्म्यांच्या नव्हते. दोन दिवसांनी पाहिलं तर प्रश्न विचारलेल्या गटात त्रासही जास्त नव्हता आणि आत्महत्येचे विचारही. जी मुलं आधीच नैराश्यात होती त्यांनाही विचारण्यानं अपाय झालेला दिसला नाही. म्हणून ‘जगूच नये असं कधी वाटतं का गं?’ हे आईनं किंवा डॉक्टरनं शांतपणे, नावानिशी विचारणं सुरक्षित आहे. न विचारणं मात्र सुरक्षित नाही, कारण खाण्याच्या विकारात मुलगी लपवण्यात तरबेज झालेली असते. ताटातलं लपवते, वजन लपवते, तसंच हेही लपवते.

होकारार्थी उत्तर आलं तर पुढे काय, याची उत्तरंही हवेतली नाहीत. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये आत्महत्येच्या विचारांनी तातडीच्या विभागात आलेल्यांबरोबर बसून एक छोटी लेखी योजना केली जाई. माझी धोक्याची लक्षणं कोणती, मन दुसरीकडे वळवायला मी काय करीन, कुणाला फोन करीन, घरातलं धोकादायक सामान कोण दूर ठेवील. नंतर फोनवरून विचारपूसही होई. अशा रुग्णांत पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन ४५ टक्क्यांनी कमी दिसलं, असं २०१८मध्ये प्रसिद्ध झालं. ते खाण्याच्या विकाराचे रुग्ण नव्हते, पण ही योजना करायला महागडं यंत्र लागत नाही. कागद, पेन आणि घरातला एक विश्वासाचा माणूस पुरतो. आपल्याकडे २०२२पासून टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. त्या कागदावर लिहून ठेवायचा पहिला क्रमांक तोच असावा.

विल्यम गल यांचं मत होतं की या मुलींची शुश्रूषा करायला घरच्यांइतकी वाईट माणसं नाहीत. शंभर वर्षं हे मत टिकलं आणि आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून गेलं. घराण्याचा इतिहास विचारणं म्हणजे त्याच आरोपाची नवी आवृत्ती, असं पालकांना वाटलं तर नवल नाही. पण पुराव्याचा कौल उलट आहे. आईबापांनी दिलेले जनुक हा त्यांचा गुन्हा नव्हे, आणि १२१ किशोरवयीन रुग्णांवरच्या, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आईवडिलांच्या हाती जेवणाची सूत्रं देणारा उपचार घेतलेल्यांपैकी ४९ टक्के मुलं उपचार संपल्यानंतर वर्षभरानेही पूर्ण बरी होती. एकट्या मुलाशी बोलून केलेल्या उपचारात हे प्रमाण २३ टक्के होतं. जे घर धोक्याचा काही वाटा देतं तेच इलाजाचा मोठा वाटाही उचलतं. मात्र स्वीडनच्या आकड्यांनी त्या घरावर आणखी एक काम टाकलं आहे. मुलगी आजारी पडली की सगळ्यांची नजर तिच्या ताटावर खिळते; तिचा धाकटा भाऊ वेळेवर जेवतो, अभ्यास करतो, तक्रार करत नाही, म्हणून त्याचं ठीक चाललंय असं धरलं जातं. ४० टक्क्यांनी वाढलेला धोका त्याच्यासारख्या सख्ख्या भावंडांचा आहे. केस पेपरवर बाण एकाच व्यक्तीकडे रोखलेला असतो, पण ‘तुझं कसं चाललंय?’ हा प्रश्न त्याच ओळीतल्या बाकीच्या चौकोन-गोलांनाही विचारायला हवा, आणि तो विचारायला डॉक्टरची वाट पाहण्याचं कारण नाही.